टोपलीतली माळ

ही गोष्ट खरी आहे.

मी तैवानमधल्या शिनचू शहरात नाश्त्याचं दुकान चालवते. पहाटे चारला उठते, अंड्याच्या पोळ्या भाजते, सोयाबीनचं दूध उकळते. भुताखेतांच्या गोष्टी रचायला मला वेळ नाही, आणि रचून माझी एक पोळीसुद्धा जास्त खपणार नाही. हे माझ्या भाचीच्या बाबतीत घडलं. तिनं मला ते तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, आणि एकदा सांगितलेलं पुन्हा कधी बदललं नाही.

दिवस पक्का आठवतो. गेल्याच्या गेल्या वर्षी, सातव्या महिन्याची पौर्णिमा.

रात्र नव्हती. दुपारचे साडेतीन वाजले होते... ऊन डोळ्यांत खुपत होतं.

आणि जागा म्हणजे विद्यापीठातल्या एका जुन्या इमारतीचं तळघर.

माझी भाची यून-छिंग तिथं डॉक्टरेट करत होती. पाचवं वर्ष. तिचं काम लोहचुंबकांचं. पण कसले लोहचुंबक? नखाएवढ्या चिपवर लाखो दाणे, आणि एकेक दाणा इतका बारीक की केसाच्या जाडीत दोनशे दाणे ओळीनं बसतील. प्रत्येक दाणा तोंड एक तर इकडे करणार, नाही तर तिकडे. चिपा भट्टीत तापवल्या की सगळे दाणे भान विसरतात. मग त्या हळूहळू निववायच्या. निवताना प्रत्येक दाणा आपली बाजू ठरवतो आणि तसाच गोठतो. नंतर एक अतिशय बारीक सुई चिपवरून फिरवायची. पडद्यावर ओळीमागून ओळ उमटत जाते, काळे ठिपके, पांढरे ठिपके.

कुठला दाणा कुठे तोंड करेल याचं गणित यून-छिंगनं संगणकावर मांडलं होतं. गणित आणि चित्र जुळलं की पदवी. नाही जुळलं तर पाच वर्षं पाण्यात.

चिपा निवत असताना जवळ दुसरा लोहचुंबक आला की सगळा खेळ बिघडतो. दाणे मेंढरांसारखे एकाच बाजूला माना वळवतात.

म्हणून तिथं एक नियम होता. दाराबाहेर चपलांच्या कपाटावर बांबूची टोपली ठेवलेली असे. किल्ल्या, फोन, कमरेचा पट्टा, सगळं तिच्यात काढून मगच आत जायचं. टोपलीत काही दिसलं तर आत कुणीतरी आहे असं समजायचं. टोपली रिकामी दिसली की शेवटच्या माणसानं कुलूप लावायचं.

हा नियम सगळ्यांत काटेकोरपणे पाळायच्या त्या काओ बाओ-चू मावशी.

बावीस वर्षं त्या तळघरात होत्या. भट्टी पेटवणं, काचा धुणं, चिपांच्या डब्यांवर तारखा लिहिणं. मशीन रुसू नये म्हणून आमच्याकडे त्याच्या डोक्यावर खाऊचं हिरवं पाकीट ठेवतात ना, ते दर महिन्याच्या एक तारखेला बदलणं. पाकिटाची मुदत संपली की मशीन सूड उगवतं, यावर त्यांचा ठाम विश्वास. मान धरायची म्हणून त्या गळ्यात एक माळ घालायच्या, काळ्या दोरीत लोहचुंबकाचे सात मणी. दारापाशी आल्या की माळ टोपलीत. टक्. परत निघाल्या की गळ्यात.

"जेवलीस?" त्या यून-छिंगला विचारायच्या.

"नंतर जेवते, मावशी."

"नंतर म्हणजे पदवी मिळाल्यावर? तोवर तुझीच चिप होईल, सुईखाली ठेवायला. धर, खा."

आणि चहात उकळलेलं अंडं तिच्या हातात कोंबायच्या. मूलबाळ नव्हतं त्यांना. नवरा कधीच गेलेला.

त्या वर्षी मार्चमध्ये माझ्या भावाच्या, म्हणजे यून-छिंगच्या बापाच्या, हृदयाचं ऑपरेशन तैपेईला होतं. मी त्याच्याबरोबर गेले होते. यून-छिंगला येता आलं नाही. पाठोपाठ तीन दिवस तीन खेपा भट्टीत होत्या आणि मशीनची पाळी परत मिळायला दोन महिने लागले असते.

"काही झालं तर लगेच फोन कर, आत्या," ती म्हणाली.

"करते गं. तू तुझं काम बघ."

तळघरात ती फोन टोपलीत ठेवेना. प्रयोगशाळेत घालायच्या अंगरख्याच्या उजव्या खिशात ठेवला. स्कूटरवर फोन चिकटावा म्हणून त्याच्या पाठीला लोहचुंबकाची कडी लावलेली, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. मंगळवार, बुधवार, गुरुवार. तिन्ही दिवस.

बुधवारी बाओ-चू मावशींनी तिच्या खिशाकडे बघितलं.

"आला का गं बाबांचा फोन?"

"नाही अजून."

"येईल," मावशी म्हणाल्या. आणि काचा धुवायला वळल्या.

तिन्ही खेपा बिघडल्या. सगळ्या चिपांवरचे दाणे एका बाजूला कललेले.

सोमवारी बैठक झाली. तिचे मार्गदर्शक वेन सर ओरडणारे नव्हेत. त्यांचा आवाज चढत नाही, उतरतो, आणि मग समोरच्याची पाचावर धारण बसते.

"भट्टीजवळ लोहचुंबक कुणाचा होता?"

यून-छिंगला रविवारीच कळलं होतं. फोन तिच्या हातातून निसटून फ्रिजच्या दाराला जाऊन चिकटला होता. ती तिथं स्वयंपाकघरात किती वेळ उभी होती, तिलाच आठवत नाही.

"मावशींच्या गळ्यात माळ असते," ती म्हणाली. "एखाद वेळेस काढायची राहिली असेल."

मावशी तिथंच होत्या, फळा पुसत. त्या वळल्या. यून-छिंगकडे बघितलं... मग तिच्या खिशाकडे.

"असेल हो," त्या म्हणाल्या. "वय झालं आता. विसरले असेन."

बस. एवढंच.

मावशींना दुसऱ्या इमारतीत जिने पुसायला पाठवलं. जूनमध्ये त्यांचा करार संपला, तो कुणी वाढवला नाही. जुलैत त्या भाड्याच्या खोलीत न्हाणीघरात पडल्या. दोन दिवसांनी शेजारणीनं दार फोडायला लावलं.

यून-छिंगचा लेख छापून आला. त्याच्या तळटीपेत एक ओळ होती. एका मदतनीस बाईच्या अंगावरच्या चुंबकीय दागिन्यामुळे तीन खेपा बाद कराव्या लागल्या.

ती रडली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "काही वाटतच नाही, आत्या." जेवायची, झोपायची, कामाला जायची. उजवी मांडी मात्र बधिर झाल्यासारखी वाटते म्हणायची. मी म्हटलं, बसून बसून झालं असेल.

मग आली ती पौर्णिमा.

सातव्या महिन्यात ज्यांना कुणी नाही असे आत्मे भुकेले फिरतात, त्यांना जेवू घालायचं. विद्यापीठातही घालतात. इमारतीसमोर टेबलं मांडली होती. शेवयांची पाकिटं, अननस, तांदळाची दारू, खाऊची हिरवी पाकिटं. बाजूला तसराळ्यात पाणी आणि नवा टॉवेल, पाहुण्यांना तोंड धुवायला. मोठमोठे प्राध्यापक घामाघूम होऊन उदबत्त्या धरून उभे.

यून-छिंगनंही उदबत्ती धरली. आणि ओठांतल्या ओठांत म्हणाली,

"काओ बाओ-चू मावशी, या. जेवा. मला माफ करा."

अगं वेडे! त्या टेबलावर कुणाला नावानं बोलवायचं नसतं. नावानं बोलावलेला माणूस टेबलापाशी थांबत नाही, बोलावणाऱ्याच्या मागून येतो. आणि बोलावलंसच, तर दोन नाणी टाकून विचारायचं, जेवण झालं का? निघता का? एक छाप, एक काटा पडला म्हणजे हो. हो येईपर्यंत हलायचं नाही.

पण साडेतीनला तिला भट्टी बंद करून चिपा निववायला घ्यायच्या होत्या. तिनं उदबत्ती खोचली आणि पळत तळघरात गेली.

फोन टोपलीत. किल्ल्या टोपलीत. दार लावून घेतलं. भट्टी बंद केली, खुर्चीवर बसली.

खाली अगदी शांत होतं. वातानुकूलन यंत्राची घरघर तेवढी.

मग घरघर थांबली...

टक्.

दाराबाहेर. टोपलीत काहीतरी ठेवल्याचा आवाज.

तिला वाटलं, शी-काइ दादा आला असेल. तो तिचा सहकारी, तिच्याहून दोन वर्षं पुढचा. तिनं हाक मारली. उत्तर नाही. दार उघडलं.

लांबच लांब रिकामा व्हरांडा. टोपलीत तिचा फोन आणि तिच्या किल्ल्या. दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं चिपा सुईखाली ठेवल्या. दाणे कललेले होते...

शी-काइ दादानं मान वाकडी करून बघितलं. "यांना काय झालं? शाळेची कवायत चाललीय का?"

यून-छिंग हसली नाही. तबकाच्या चार कोपऱ्यांत चार चिपा असतात. कुठली किती कलली, कुठल्या बाजूला, हे घेऊन गणित उलटं चालवलं, तर त्रास देणारा लोहचुंबक खोलीत नेमका कुठे होता ते कळतं. मार्चमध्ये हे कुणी केलं नव्हतं. नाव मिळालं होतं, मग गणित कशाला?

तिनं गणित चालवलं.

उत्तर आलं, दारात. जमिनीपासून सव्वा मीटर उंच.

ठेंगण्या बाईच्या गळ्याएवढं.

"मशीन चुकलं असेल," दादा म्हणाला. "इतक्या लांबून दाणे वळवायचे म्हणजे एवढा दांडगा चुंबक लागेल की माझ्या चष्म्याची काडी जाऊन चिकटेल." मग त्यानं मशीनच्या डोक्याकडे हात केला. "नाही तर ते पाकीट बघ. मावशी गेल्यापासून कुणी बदललंय का? मुदत संपली असेल."

त्यानं पाकीट काढून बघितलं... आणि परत ठेवलं.

मुदत पुढच्या वर्षाची होती.

"तू बदललंस?"

"नाही."

"मग कुणी?"

नंतर दादा फारसा थट्टेच्या भानगडीत पडला नाही.

चार दिवसांनी दुसरी खेप झाली. दुपारीच. पुन्हा घरघर थांबली. पुन्हा टक्. या वेळी यून-छिंग उठली नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिली. भीती वाटली का, मी विचारलं. म्हणाली, "नाही. वाटायला हवी होती ना?"

गणिताचं उत्तर आलं, दाराबाहेर. ऐंशी सेंटीमीटर उंच. चपलांच्या कपाटाची उंची तेवढीच आहे.

माळ टोपलीत होती. त्यांनी ती काढली होती. नेहमीसारखी.

तिसऱ्या खेपेला दोन उत्तरं आली.

एक टोपलीपाशी. दुसरं आत, भट्टीपासून हातभर अंतरावर, खुर्चीच्या उजव्या अंगाला. जमिनीपासून साठ सेंटीमीटर.

ती खुर्चीवर बसली होती. तिनं खाली बघितलं. साठ सेंटीमीटरवर तिच्या अंगरख्याचा उजवा खिसा होता.

खिसा रिकामा होता. तिनं उलटा करून बघितला.

अंगरखा बदलला, पुढच्या खेपेला तेच. अंगरखा काढून दाराबाहेर टांगला, नुसत्या सदऱ्यावर बसली, तरी तेच. उजवं अंग, साठ सेंटीमीटर... आणि मांडी बर्फासारखी गार.

तेव्हा तिनं कपाट उघडलं. मार्चच्या बाद चिपा अजून तिथं होत्या. मावशींनी डब्यात नीट ठेवलेल्या, झाकणावर त्यांच्या गोल अक्षरात तारखा. फेकून द्या म्हटलं होतं, पण त्यांना काही फेकवायचं नाही. यून-छिंगनं त्या एकेक करून सुईखाली घातल्या. दोन दिवस लागले.

तिन्ही खेपांत लोहचुंबक एकच होता. खुर्चीच्या उजव्या अंगाला, साठ सेंटीमीटर.

मावशींच्या गळ्याच्या उंचीला काही नव्हतं. भट्टीभोवती दुसरं कुठंच काही नव्हतं.

ती चित्रं घेऊन वेन सरांकडे गेली.

"सर, चुंबक माझ्या खिशात होता. मी तेव्हा खोटं बोलले. तळटीप दुरुस्त करायला हवी."

सरांनी चित्रं बघितली, बराच वेळ. मग ती उलटी करून टेबलावर ठेवली.

"पुढच्या महिन्यात तुझी तोंडी परीक्षा आहे."

"हो सर."

"शिळ्या कढीला ऊत कशाला आणतेस? ती बाई आता नाही. तिला काही फरक पडत नाही. तुला पडेल. परीक्षक म्हणतील, जी एकदा खोटं बोलली तिची बाकीची चित्रं कशावरून खरी?"

"पण सर, त्यांचं नाव..."

"नाव छापलेलंच नाही," सर शांतपणे म्हणाले. "मदतनीस बाई एवढंच आहे. झाकली मूठ राहू दे."

त्या रात्री ती माझ्याकडे आली. सगळं सांगितलं. मी म्हटलं, सर बरोबर बोलतात. हो, म्हटलं मी तसं. पाच वर्षं घालवलीस, बाप आजारी, आता पदवी हातची घालवू नकोस. तिनं समोरची पोळी खाल्ली, बशी धुतली आणि गेली.

तोंडी परीक्षेला मी मागच्या बाकावर होते. पाच परीक्षक, समोर चहा आणि अननसाचे केक. यून-छिंग पाऊण तास बोलली. मग तिनं मार्चची चित्रं पडद्यावर लावली. वेन सरांनी चष्मा काढला.

"या तीन खेपा माझ्या फोनमुळे गेल्या," ती म्हणाली. "लेखात दोष काओ बाओ-चू मावशींवर घातला आहे. तो मी घातला. त्या निर्दोष होत्या. त्यांची नोकरी माझ्यामुळे गेली."

मला वाटलं, संपलं. गेली पदवी.

मधोमध बसलेल्या परीक्षकांनी घड्याळ बघितलं.

"ठीक आहे. ही दुरुस्ती लेखी पाठवा. पुढचं चित्र?"

बस. एवढंच! एका बाईचं अख्खं आयुष्य, आणि पुढचं चित्र. मला ओरडावंसं वाटलं. मीही गप्पच बसले म्हणा.

पदवी मिळाली. दुरुस्ती छापून आली, चार ओळींची. त्यात मावशींचं नाव यून-छिंगनं भांडून घालून घेतलं. त्यानंतर तिची मांडी बरी झाली. शेवटची म्हणून एक खेप तिनं भट्टीत घातली. खुर्चीपाशी काही उमटलं नाही. साठ सेंटीमीटरवरची ती खूण गेली होती.

टोपलीपाशीची गेली नाही.

उलट आणखी गडद झाली होती.

मी म्हटलं, चल, तुला नीट निरोप द्यायला शिकवते. आम्ही दोघी दुपारी तळघरात गेलो. टोपलीसमोर अंडी ठेवली, चहात उकळलेली. यून-छिंगनं दोन नाणी ओंजळीत धरली.

"मावशी, जेवण झालं का? निघता का?"

दोन्ही छाप.

पुन्हा टाकली. दोन्ही छाप. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा... नऊ वेळा टाकली. नऊ वेळा दोन्ही छाप.

"त्यांना आणखी काय हवंय, आत्या?" यून-छिंग म्हणाली. "मी तर सगळं सांगून टाकलं."

मी टोपलीत डोकावले. टोपली वरून रिकामीच दिसत होती. पण माळ तिच्यात होती, म्हणजे माणूस अजून आत होता. आम्ही दिवा मालवला आणि तरीही कुलूप लावलं. दुसरं काय करणार?

यून-छिंग आता एका कारखान्यात आहे. बरी आहे. मीच बरी नाही.

भावाचं ऑपरेशन मंगळवारी सकाळी अकराला आटोपलं. नीट झालं. डॉक्टर म्हणाले, काळजी नको. मला फोन करायचा होता. मग औषधं आणायची होती, दुकानावरच्या बाईला सूचना द्यायच्या होत्या. म्हटलं संध्याकाळी करू. संध्याकाळी म्हटलं उद्या. फोन केला तो गुरुवारी रात्री. मंगळवारी केला असता, तर त्या पोरीनं फोन टोपलीत ठेवला असता.

हे मला आजवर कुणी विचारलं नाही.

परवा दुपारी मी दुकान आवरत होते. गिऱ्हाईक नव्हतं, शेगडी विझलेली. फ्रिजची घरघर थांबली... आणि गल्ल्याशेजारच्या अंड्यांच्या टोपलीत काहीतरी ठेवल्याचा आवाज आला.

टक्.

मी वळून बघितलं नाही. शटर ओढलं आणि घरी आले. काल दुकान उघडलं नाही, आजही नाही. यून-छिंगचा दोनदा फोन येऊन गेला. मी तो अजून उचललेला नाही.